धनेशिणीचं दार

माणसाला दारं माहीत नव्हती, तेव्हाची गोष्ट. जंगलात एक सुतार पक्षी होता. बंद काही दिसलं की त्याची चोच शिवशिवायची. एकदा त्याला चिखलाने लिंपलेली ढोली दिसली. फटीतून धनेशिणीची नुसती चोच बाहेर आलेली.

“अगं बाई, कोणी कोंडलं तुला? थांब, मोकळी करतो!” म्हणत त्याने ठोकाठोक सुरू केली.

“दादा, नको! मीच लिंपून घेतलंय. अंड्यांवर बसले की माझे पंख झडतात. साप आला तर उडू कशी?”

सुतार ओशाळला. चोचीने चिखल आणून त्याने स्वतः पाडलेलं भोक बुजवलं.

काही आठवड्यांनी तो पुन्हा आला, तर धनेशीण आतून दार फोडत होती.

या खेपेला त्याने आधी विचारलं, “हातभार लावू?”

“नको दादा. आता पंख आलेत.”