शेठचा ठणठणीत डबा

शेवंता कचेरीबाहेर अर्ज टाइप करून द्यायची. मोतीशेठच्या दुकानातनं सुटे भाग आणून कॉम्प्युटर तिनं सोताच जुळवला. पण अर्ज अर्ध्यावर आला की मेला बंद पडून आपोआप पुन्हा चालू व्हायचा! गिऱ्हाईक शेजारच्या टपरीकडं वळाया लागलं. घराशेजारणीच्या कॉम्प्युटरचा वीज पुरवणारा पावर सप्लायचा डबा लावून बघितला, तर मशीन दिवसभर चाललं.

मग आपला डबा काखंत मारून ती मोतीशेठच्या दुकानात तिसऱ्यांदा गेली.

शेठनं दोन मिनिटं चालवला अन् मिशीत हसला. "ठणठणीत हाय! खोट तुझ्या हातात. अन् ती पाटी वाच, विकलेला माल परत घेत नाही."

"परत कोण देतंय, शेठ? तुमच्या बिलाच्या मशीनला असलाच डबा हाय न्हवं? हा ठणठणीत, तो बी ठणठणीत. करू अदलाबदल!" तिनं पिशवीतनं स्क्रू-ड्रायव्हर काढला.

शेठ टुणकन उठून मशीनवर आडवाच पडला. "ए बाई, हात लावू नगंस! माझी बिलं उडतील!"

दुकानातली गिऱ्हाइकं खो-खो हसली. शेठनं गुमान नवा डबा काढून दिला.

जाता जाता शेवंता म्हणाली, "पाटीवर आणिक एक ओळ लिवा शेठ. विकायचा माल आम्ही सोता वापरत नाही."