तात्यांच्या टीव्हीवर मठ

“पण बुवा, नेटला स्पीडच नसेल तर चित्र स्वच्छ येणार कुठून?”

विश्वंभर सकाळपासून हेच विचारत होता.

बुवा पारावर बसून तळ्याकडं बघत होते. हिवाळ्यातली कलती दुपार होती. धुरकट ऊन पडलं होतं. पाणी कुठं संपतंय आणि आभाळ कुठं सुरू होतंय तेच कळत नव्हतं. मधेच एखादा बगळा उठायचा, थोडं उडून परत बसायचा. तो खरंच उडाला की आपल्याला तसं वाटलं, असा प्रश्न पडायचा.

“कुणाला पाहिजे स्वच्छ?” बुवांनी विचारलं.

“तात्यांना. माझ्या वडलांना.”

“हं...”

आमचा हा तळ्याकाठचा मठ लहान. बुवा, मी, विश्वंभर आणि येणारे-जाणारे. मी इथं समया घासतो, भाकरी थापतो आणि कुणी विचारलं नाही तरी बोलतो. विश्वंभर दोन वर्षांमागं पुण्याहून आला. लोकांच्या घरी टीव्हीवर व्हिडिओ न अडकता कसे पोचवायचे, हेच तिथल्या कंपनीत त्याचं काम होतं. पोरगा हुशार. त्याला सगळं यायचं, गप्प बसणं तेवढं सोडून.

घर सोडताना तात्या त्याला म्हणाले होते, “जातोस तर जा. पुन्हा तोंड दाखवू नकोस.”

बापाच्या तोंडून रागात निघालेलं ते. पण यानं मनाला लावून घेतलं. बारा वर्षं गावाची शीव ओलांडायची नाही, असं व्रतच घेऊन टाकलं.

आता तात्या अंथरुणाला खिळले होते. अर्धं अंग गेलेलं, जीभ जड झालेली. डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं होतं. त्याचा अर्थ काय तो शिवकांताला कळला होता. शिवकांता म्हणजे विश्वंभरची धाकटी बहीण. तिनं रडत रडत दादाला फोन केला. तात्या एकच मागत होते, त्याचं तोंड दाखव.

मला वाटलं, आता हा पिशवी भरणार. गाव काही सातासमुद्रापार नाही, एसटीनं अर्ध्या दिवसाची वाट.

यानं काय केलं? घरी कुरियरनं अँड्रॉइड बॉक्स पाठवला! टीव्हीला जोडायचा तो काळा डबा. मोबाइलवरचं इवलंसं तोंड तात्यांना दिसत नव्हतं, मोतीबिंदू होता, म्हणून टीव्ही. आणि इकडं पारासमोर कॅमेरा उभा केला. मठ थेट तात्यांच्या खोलीत.

“तात्यांना फोर-केमध्ये दाखवतो,” तो मला म्हणाला. “बुवांच्या कपाळावरचं भस्म असं दिसेल ना, की हात लावावासा वाटेल!”

“अरे बाबा, त्यांनी तुझं तोंड मागितलंय. भस्म नाही.”

“माझ्यात काय बघायचंय? मी ज्याच्यासाठी घर सोडलं ते बघू देत एकदा. बघितलं की कळेल त्यांना.”

मी कपाळाला हात लावला आणि भाकऱ्यांकडं गेलो.

तर त्या दुपारी फोन पारावर ठेवलेला होता, स्पीकर चालू करून. पलीकडं शिवकांता.

“दादा, काहीच दिसंना गेलंय. नुसतं गोल फिरायलंय बघ.”

“क्वालिटी सगळ्यात वरची ठेवलीयस ना? ती खाली नाही आणायची.”

“तू म्हणलास तशीच हाय. वरचीच.”

“मग?”

“मग काय, गोल! शेजारच्या काकू आल्या होत्या दर्शनाला. त्यांनी त्या गोलालाच हात जोडले. म्हणल्या, मठातलं चक्र दिसायलंय. अगरबत्ती लावून गेल्यात टीव्हीसमोर.”

मला हसू आवरेना. बुवाही मिशीतल्या मिशीत हसले. विश्वंभर मात्र लालबुंद झाला.

“त्या बॉक्सवरचा क्रोशाचा रुमाल काढ आधी! वायफायचा डबा कपाटातनं बाहेर आण! वायर लाव, वायर!”

“सगळं केलं रे दादा...” तिचा आवाज बारीक झाला. “तात्या त्या गोलाकडंच बघत पडलेत. डोळा हलवंनात.”

मला विश्वंभरचा राग आला होता, पण आता कीवही आली.

बुवांनी विचारलं, “तू का जात नाहीस?”

“व्रत आहे, बुवा.”

“कुणी दिलं?”

“...मीच घेतलं.”

“हं...”

तळ्यावरून मंद वारा आला. पिंपळाची पानं थोडी हलली आणि राहिली. मग बुवा म्हणाले, “ती क्वालिटी का काय म्हणतोस, ती खाली आणली तर?”

“चित्र फुटतं मग. ठोकळे ठोकळे दिसतात. तुमचं दर्शन असं फुटकं दाखवू का?”

“दाखव की. मी तरी कुठं धड आहे!”

विश्वंभरच्या जिवावर आलं होतं. पण पलीकडून शिवकांतानं नाक ओढल्याचा आवाज आला, तसं त्यानं तिला सांगितलं, खाली आण, एकदम खाली.

गोल थांबला.

“आलं! दादा, आलं!”

झालं, याच्या अंगात संचारलं. कॅमेरा घेऊन हा नुसता भिरभिरायला लागला. हे बघा तात्या तळं, हा कळस, हा पिंपळ, ही धुनी, हे आमचे बुवा! मलासुद्धा त्यानं भाकरीसकट पकडलं. मी तोंड फिरवलं.

“काय दिसतंय, शिवा?”

“दिसायलंय... पण काय हाय ते कळंना. हिरवं हाय. पांढरं हाय. सगळं वितळल्यावानी दिसायलंय.”

“आणि तात्या? तात्या काय म्हणतात?”

“काही नाही. डोळे मिटून घेतले त्यांनी.”

विश्वंभरनं कॅमेरा परत जागेवर ठेवला. पाराच्या कडेला बसला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. मला वाटलं, रडतोय. पण तो पुटपुटत होता, स्पीड पाहिजे, स्पीड पाहिजे...

बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“विशू, इथून तिथं काय जातं रे नेमकं?”

“काय म्हणजे?”

“त्या यंत्रातून. काय पाठवतोस तू?”

विश्वंभरनं डोकं वर केलं. त्याच्या कामाचा प्रश्न होता, त्यामुळं उत्तर आपसूक आलं.

“बदल पाठवतो, बुवा. सुरुवातीला अख्खं चित्र जातं. मग जेवढं हललं असेल तेवढंच. पान हललं तर पान पाठवायचं. पाणी हललं तर पाणी. मी कॅमेरा फिरवला की सगळंच हलतं, मग सगळंच पुन्हा पाठवावं लागतं. ते एवढ्याशा स्पीडमध्ये मावत नाही. म्हणून फुटतं.”

“आणि काहीच हललं नाही तर?”

“तर...”

तो थांबला.

“तर थोड्या स्पीडमध्येसुद्धा चित्र स्वच्छ होत जातं. हळूहळू.”

“असं होय.”

बुवा उठले. गुडघे धरून, जरा कण्हतच उठले. धुनीमागं मठाची चुन्यानं पांढरी केलेली भिंत आहे. तिथं पान नाही, पाणी नाही, काही नाही. बुवांनी तिथं आपलं घोंगडं घडी करून टाकलं. मग परत आले आणि दोन्ही हातांनी कॅमेरा धरून, एखादं मांजर उचलून फिरवावं तसा, त्या भिंतीकडं फिरवला.

मग घोंगड्यापाशी जाऊन त्यावर थोपटलं.

“मी?” विश्वंभरनं विचारलं.

बुवांनी पुन्हा थोपटलं.

“नको, बुवा. मला... मला कसं जमेल? ते म्हणाले होते, तोंड दाखवू नकोस...”

बुवा हात तसाच घोंगड्यावर ठेवून वाकून राहिले.

शेवटी तो बसला. बसला म्हणजे काय, आधी केस सारखे केले, मग उपरणं, मग उगाच हसून बघितलं, मग फोनकडं मान वळवली.

“दादा, तूच हायस का ते? ठोकळेच दिसायलेत.”

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

विश्वंभर स्थिर झाला.

मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं. ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं. तळ्यापलीकडं कुणाच्या तरी शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, पण शेळ्या दिसत नव्हत्या. धुनीतला धूर सरळ वर जात होता. माझ्या हातातलं पीठ वाळून गेलं, ते मला कळलं नाही. आपण कुठल्या गावात आहोत, कुठला महिना चालू आहे, हेही क्षणभर आठवेना. बरं वाटत होतं.

“हे तिथं लगेच पोचतं?” बुवांनी हळूच विचारलं.

“नाही,” तो ओठ न हलवता म्हणाला. “अर्धं मिनिट मागं असतं.”

“मग आत्ता तात्यांच्या खोलीत बसलाय, तो कोण?”

विश्वंभरचा श्वास तेवढा खोल झाला.

फोनमधून बराच वेळ नुसती खरखर येत राहिली.

मग...

“दादा...” शिवकांताचा आवाज अगदी जवळून आला. “दिसायलास रे.”

तो हलला नाही.

“सगळं स्वच्छ दिसायलंय. किती वाळलास रे! हनुवटीवर पांढरे केस आलेत की.”

तो हलला नाही.

“तात्यांनी डोळे उघडले... दादा, ते तुझ्या भुवईकडं बोट करायलेत. ती खोक. चिंचेवरून पडला होतास बघ. ती दिसायलीय त्यांना!”

त्या खोकेत हळद तात्यांनीच दाबली होती, हे विश्वंभरनं मला एकदा भाकऱ्या थापताना सांगितलं होतं. आता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालांवरून खाली ओघळलं. त्यानं ते पुसलं नाही. हात उचलला असता तर तिकडं चित्र फुटलं असतं.

मीच माझ्या पिठाच्या हातानं माझे डोळे पुसले. माझं चित्र कुणी बघत नव्हतं.

फोनमध्ये काहीतरी घासल्यासारखं झालं. शिवकांतानं फोन तात्यांच्या तोंडाशी धरला असावा. आधी नुसता घशातला आवाज आला. मग शब्द यायला लागले, एकेक, ओढत ओढत.

“विशू...”

“तात्या!”

“ज... जव... जवळ ये...”

विश्वंभर ताडकन उठला. घोंगड्यात पाय अडकला, पडता पडता सावरला आणि धावत कॅमेऱ्यापाशी गेला.

“हो तात्या! आलो, आलो! थांबा, झूम करतो. आत्ता करतो, एकदम जवळ दिसेन बघा!”

भिंगाची कडी त्याला धड फिरवता येत नव्हती.

बुवा पुढं आले. त्यांनी आपला तळहात भिंगावर ठेवला. अख्खं भिंग झाकून टाकलं.

“बुवा, काय करताय? हात काढा ना! जवळ ये म्हणतायत ते!”

बुवांनी हात काढला नाही. विश्वंभरच्या डोळ्यांत बघत राहिले...

“कॅमेऱ्याला नाही म्हणाले रे ते.”