बगळ्याचा कोरडा गुडघा

आईशप्पथ, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे बगळ्याने मला सांगितली तशी. थोडी मीही वाढवली असेन.

फार फार पूर्वी एका राज्यात पुराचा इशारा द्यायला एक बगळा नेमला होता. तो नदीतल्या ठरलेल्या दगडावर उभा राहायचा. पाणी गुडघ्याला लागलं की नगारा वाजायचा आणि खालची आळी टेकडीवर जायची.

एका पावसाळ्यात नदीकाठी राजाच्या वाढदिवसाची जत्रा भरणार होती. नेमकं पाणी चढायला लागलं.

"नगारा वाजला तर जत्रा मोडेल," राजा म्हणाला. "बगळ्याचं काहीतरी करा."

प्रधानाने बगळ्याच्या पायाखाली पाट सरकवला.

"अहो, हे काय?"

"तुमचा सन्मान. गुडघा कोरडा आहे ना?"

"आहे, पण मी पाटावर आहे म्हणून!"

लगेच दवंडी पिटली, "ऐका हो ऐका! खुद्द बगळेबुवा सांगतात, गुडघा कोरडा आहे!"

बगळा ओरडला, "अहो, पाटाचंही सांगा!"

पाणी चढलं. पाटावर चौरंग आला. ओरडून ओरडून बगळ्याचा घसा बसला. दवंडीवाला म्हणाला, "बुवांचा घसा बसलाय, पण गुडघा कोरडाय!"

खालच्या आळीतली कुंभारीण नदीवर आली. तिची भट्टी पेटलेली, घरात लहान पोरं.

"बुवा, नगारा कसा नाही वाजला? अगं बाई, तुम्ही कशावर चढलाय?"

"बाई, माझा गुडघा बघू नकोस. खाली काय रचलंय ते बघ."

तिने पेटती भट्टी तशीच सोडली, पोरं काखोटीला मारली आणि आळीभर बोंबलत टेकडी गाठली. निम्मी आळी तिच्यामागे गेली. निम्मी म्हणाली, "दवंडीत तर असं काही नव्हतं."

पाट संपले, चौरंग संपले. शेवटी प्रधानाने राजाचं सिंहासनच बगळ्याखाली सारलं. नदी आळीत शिरली, मग राजवाड्यात. राजा जमिनीवर बसला होता, कारण बसायला दुसरं काही उरलंच नव्हतं. पाणी हनुवटीला लागलं.

"प्रधानजी, हे पाणी आहे का हो?"

"छे, महाराज! बगळ्याचा गुडघा कोरडा आहे."

त्यानंतर दोघंही काही बोलले नाहीत.

पूर ओसरला. मागे राहिलेली निम्मी आळी वाहून गेली, जत्राही गेली. सिंहासनावर बगळा उरला, आणि त्या राज्यात सिंहासनावर असेल तो राजा. त्याने पहिला हुकूम सोडला, "मला आधी खाली उतरवा."

बोध : बगळ्याला उंच केल्याने नदी खाली जात नाही.

चला, आता गोष्ट सांगितल्याचे मूठभर शेंगदाणे काढा. खिसा रिकामा आहे म्हणता? असेल. बगळ्याचा गुडघाही कोरडाच होता. आधी पाटावरून उतरा, मग सांगा.