इनास मास्तरांच्या डब्या

“पण या डब्यांच्या आत काय घालायचं?” मालविकाबाईंनी विचारलं.

“काही नाही,” इनास मास्तर म्हणाले.

“काही नाही म्हणजे?”

“काही नाही म्हणजे... काही नाही.”

बाईंना वाटलं, म्हातारा आपली थट्टा करतोय.

वसईच्या किनाऱ्याजवळ, केळीच्या वाडीत मास्तरांचं घर होतं. खिडकीखाली एक लांब टेबल आणि टेबलावर लोखंडी डब्या. गिटारवाले पायाशी ठेवतात ती पेडल्स. एरवी गिटारीची वायर पेडलमध्ये एका बाजूने शिरते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि तेवढ्यात आवाजाचा रंग पालटतो.

मास्तर तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचे. पेडल्स त्यांनी हाताने जोडलेली. पुढे गिटार भिंतीला लागली, डब्या टेबलावरच राहिल्या. त्यांनाच एकमेकींत गुंफून मास्तर तासन् तास बसत.

मुंबईची तरुण पोरं ऐकायला येत. म्हणत, “मास्तर, लोक आवाज घडवायला भिंतभर मॉड्युलर सिंथेसायझर उभे करतात. तुम्ही तो डब्यांतच केलात की.”

“असेल,” मास्तर म्हणत.

आता त्यांनी बाईंना एकेक डबी दाखवली. “ही आवाज फाडते. ही गाळते. ही डुलवते. आणि ही...” त्यांनी सगळ्यांत जड डबीवर बोट टेकवलं. “ही आठवते. ऐकलेलं परत परत म्हणते.”

“मला एवढंच हवंय,” बाई म्हणाल्या.

हे त्या कुजबुजून म्हणाल्या. कारण त्यांना दुसरा आवाज उरला नव्हता.

मालविका सबनीस गाणार म्हटलं की ठाण्यात सभागृहाच्या पायऱ्यांवरही माणसं बसत. एकदा भर मैफलीत माइक बंद पडला, तर त्यांनी तो बाजूला सारला आणि शेवटच्या रांगेपर्यंत तशाच गायल्या. मग गळ्यात गाठ निघाली. गाठ काढताना आवाजाची नस दुखावली. गाठ अशा ठिकाणी होती की इलाज नव्हता. जीव वाचला हेच मोठं, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंही होतं.

त्यानंतर बाईंच्या तोंडून निघे ती नुसती खरखर. भाजीवाल्यालाही त्या बोटाने दाखवत. शिष्यांचं घरी येणं त्यांनी बंद केलं.

बाईंच्या गुरुजींच्या पुण्यतिथीची मैफल जवळ आली होती. दरवर्षी शेवटी बाई गात. यंदा आयोजकांनी अदबीने विचारलं, दुसऱ्या कोणाला बोलवू का?

बाईंनी मान हलवली. नाही.

आणि त्या वसईला आल्या.

“माझ्याकडे आवाज आहे,” त्यांनी पर्समधून फोन काढला. “सगळ्या मैफली आहेत यात. तुमच्या डब्यांतून तो नवा करून द्या. लोकांना वाटलं पाहिजे, मी आत्ता गातेय.”

“आणि तुम्ही?”

“मी समोर बसेन.”

“तोंड हलवत?”

बाईंनी फोन पुढे केला.

मास्तरांनी फोन घेतला. त्याची वायर पहिल्या डबीत खोचली.

मारव्याचा आलाप खोलीत पसरला. भरलेला, स्वच्छ. बाईंनी डोळे मिटले. त्यांचा हात मांडीवर आपोआप हलू लागला.

तेवढ्यात मास्तरांनी एक बोटभर वायर उचलली. तिचं एक टोक शेवटच्या डबीच्या बाहेरच्या तोंडात घातलं आणि दुसरं पहिल्या डबीच्या आतल्या मोकळ्या तोंडात. जे बाहेर पडेल ते पुन्हा आत.

मग त्यांनी फोनची वायर उपसून काढली.

बाईंनी डोळे उघडले. फोन टेबलावर आडवा पडला होता. आलाप मात्र चालूच होता.

तो डब्यांतून फिरत होता. फिरून येई तेव्हा जरासा झिजलेला असे. आधी सुरांच्या कडा गेल्या. मग श्वास गेला. मग तो बारीक कंप गेला, ज्यावरून लोक बाईंना दुरूनही ओळखत. उरली नुसती एक लांबलचक आस. तीही हळूहळू दुसऱ्याच कोणाची होऊ लागली.

“थांबवा,” बाई म्हणाल्या.

मास्तरांना ऐकू गेलं नाही.

“थांबवा!”

जिने माइकशिवाय सभागृह भरलं होतं, तिचा शब्द टेबलापलीकडे पोचेना.

बाई उठल्या. त्यांनी डब्यांवर हात आपटला. कर्कश किंकाळी उठली, काचा थरथरल्या. मास्तरांनी शांतपणे भिंतीतलं बटण बंद केलं.

बाहेर केळीची पानं सळसळत होती.

“तुम्ही...” बाईंचे ओठ पांढरे पडले होते. “तुम्ही मारलंत मला. माझ्यासमोर.”

“फोनमधलं लावून बघा.”

बाईंनी फोनमधली मैफल लावली. आलाप जसाच्या तसा होता.

“आहे ना? न्या.”

बाईंनी फोन पर्समध्ये टाकला. नमस्कार न करता त्या दाराशी गेल्या. एक चप्पल पायात घातली. दुसरी घालता घालता थांबल्या.

“मास्तर.”

“हं.”

“माझा आवाज मधेच संपला.”

“हो.”

“पण आवाज चालू होता.”

“हो.”

“तो कोणाचा?”

मास्तरांनी खुर्चीकडे बोट दाखवलं.

बाई परत येऊन बसल्या. एका पायात चप्पल तशीच राहिली.

मास्तरांनी बटण चालू केलं. या वेळी फोन नव्हता. गिटार नव्हती. पहिल्या डबीत शिरत होती ती फक्त शेवटच्या डबीची वायर. टेबलाजवळच्या भोंग्यातून तारांची बारीक सळसळ येत होती, रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधे येते तशी. मास्तरांनी डबीवरची एक खुंटी केसभर फिरवली.

सळसळ स्वतःभोवती फिरू लागली. दाटत गेली. आणि त्यातून एक सूर वर आला.

बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

कोणी छेडला नव्हता. कोणी फुंकला नव्हता. कोणी गायलाही नव्हता.

“हे... हे कुठून आलं?”



सूर डगमगत होता. बाई ऐकत राहिल्या. मघाचा षड्ज त्यांच्या कानात अजून होता. त्या तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या, “धैवत आहे हा... उतरलाय.”

आणि सवयीने, शिष्येचा सूर उतरला की उचलत तसा, त्यांनी हात वर उचलला.

सूर चढला.

बाईंनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. सूर खाली आला.

त्या मास्तरांकडे बघत राहिल्या. मास्तरांनी एका डबीकडे मान वळवली. तिच्या झाकणाला छोटंसं भोक होतं, खिडकीच्या बरोबर समोर.

“उजेडाचा डोळा आहे त्यात. सावली पडली की सूर चढतो.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही आवाज घेऊन आला होतात.”

बाईंनी हात पुन्हा पुढे केला. या वेळी फार हळू. धैवत वर सरकला, जागेवर बसला. गाठ निघाल्यापासून त्यांनी एकही सूर जागेवर बसवला नव्हता. त्यांनी बोटं थोडी उघडली, आणि सूर ऋषभाकडे निघाला. हात जरा जास्त गेला, तर किंकाळी. जरा मागे आला, तर सळसळ. किंकाळी आणि सळसळ यांच्या मधे गाण्यापुरती चिंचोळी वाट होती.

त्या वाटेवर बाई संध्याकाळपर्यंत चालत राहिल्या. उजेड गेला तेव्हा त्यांचा पदर घामाने भिजला होता.

“उद्या येऊ?”

“या.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या खुंट्या मनासारख्या लावल्या आणि पर्समधलं नेलपॉलिश काढून प्रत्येक खुंटीच्या जागी लाल ठिपका दिला. मास्तर बघत होते.

तिसऱ्या दिवशी खुंट्या ठिपक्यांवर होत्या. सूर भलताच आला.

“तुम्ही हात लावलात?”

“नाही.”

“मग यंत्र बिघडलंय.”

“नाही.”

“ठिपके तेच आहेत, मास्तर! काल इथे गंधार होता!”

“काल ढग होते.”

“मग मी... काय करू?”

“आजचं ऐका.”

बाई त्या दिवशी रागाने निघून गेल्या. चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या तेव्हा त्यांनी आधी नखाने सगळे ठिपके खरवडून काढले, मग खुर्चीवर बसल्या.

मैफलीच्या दिवशी मास्तरांनी डब्या टोपलीत भरून दिल्या. स्वतः गेले नाहीत.

“फोन नेताय?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

सभागृह भरलं होतं. बाईंचा आवाज परत आलाय अशी आवई उठली होती. पडदा सरला. पांढऱ्या चादरीवर डब्या होत्या, वायरींचा गुंता होता, शेजारी एक लहान दिवा. निवेदनाचा माइक उचलायला कोणीतरी विसरलं होतं, तो बाईंच्या पुढ्यातच राहिला.

पहिला सूर उठला तेव्हा सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होते. तोंड मिटलेलं होतं.

लोक चमकले. मग कुजबुजले. पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उभे राहून म्हणाले, “गुरुजींच्या फोटोपुढे हे काय चाललंय?” आणि गेले. त्यांच्यामागून आणखी गेले. खुर्च्या एकेक वाजत राहिल्या.

बाईंनी हात खाली घेतला नाही. मारवा दिव्याच्या उजेडात जसा येत होता तसा येऊ दिला.

मग एका जागी सूर घसरला.

त्यांनी हात उचलला. सूर येईना. आणखी उचलला. तो पातळ होत गेला, सळसळीत विरू लागला. बाई पुढे झुकल्या. सूर बुडतोय एवढंच त्यांना दिसत होतं. आणि कोणाला काही कळायच्या आत, त्यांच्याच ध्यानात यायच्या आत, त्यांचं तोंड उघडलं.

तो आवाज माइकने पकडला. फाटका, खरखरीत, अर्धा वाराच. सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

बाई दचकल्या. समोरची माणसं दचकली. उठू पाहणारे जागीच थांबले. कोणी वाहवा म्हटलं नाही. कोणी टाळी वाजवली नाही. पण त्यानंतर एकही खुर्ची वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई वसईला आल्या. टोपली त्यांनी टेबलावर ठेवली.

“अर्धे लोक उठून गेले,” त्या म्हणाल्या.

“बरं.”

“अर्धे बसले.”

“बरं.”

“मास्तर, माझ्याकडून चूक झाली. सूर जाताना दिसला आणि...” त्यांनी गळ्यावरच्या व्रणाला हात लावला. “तोंडून निघून गेलं. सगळ्यांनी ऐकलं. घरच्यांनाही मी कधी ऐकू दिलं नव्हतं.”

मास्तर डब्या टोपलीतून काढून ठेवत होते. थांबले.

“सुरात होतं?”

बाई दचकल्या. हे त्यांनी स्वतःला विचारलंच नव्हतं. डोळे मिटून त्यांनी ते पुन्हा ऐकलं. भीत भीत ऐकलं.

“...हो.”

मास्तरांनी मान डोलावली आणि वायरी गुंडाळू लागले.

“पण तो माझा आवाज नव्हे, मास्तर!” बाई जवळजवळ ओरडल्या, जितकं त्यांना ओरडता येत होतं तितकं. “माझा आवाज लोकांना ठाऊक आहे. असला आवाज माझा कसा असेल? मला सांगा, तो पुन्हा निघू नये म्हणून मी काय करू?”

मास्तरांनी वायर खाली ठेवली. बाईंकडे नव्हे, त्यांच्या गळ्याकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. आणि शेजारची रिकामी खुर्ची पुढे ओढली.

“लांबून आलाय तो, बाई. आधी बस तरी म्हणा त्याला.”