दिवेवाल्या पट्टीची दौड

साल कोणतं ते आता खात्रीनं सांगवत नाही, पण एका जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात रॅमची एक साधी हिरवी पट्टी राहत होती. कॉम्प्युटर रखडू लागला, तेव्हा मालक दत्तोपंतांनी मदरबोर्डला न पुसता, बाजारातली सर्वांत वेगवान म्हणून दुसरी पट्टी आणून हिरवीशेजारी बसवली. ती अंगभर दिवे लावूनच आली.

"आजीबाई, जरा पाय उचला! तुमच्यापायी मलाही रांगावं लागतंय," नवी पहिल्याच दिवशी फणकारली.

"अगं, निम्मा भार उचलते ना मी?" हिरवी घाबरून म्हणाली. आपल्याला उपटतील, ही तिला धास्ती होती.

"भार हमाल उचलतात. तुम्ही गेलात की बघा माझी दौड!"

दत्तोपंतांनाही दिव्यांचीच भुरळ. त्यांनी हिरवीला उपटून टाकलं. नवी एकटी पळायला निघाली. वेग तसूभर वाढला नाही, उलट दुप्पट ओझ्यानं तिला धाप लागली.

"मदरबोर्डबाई, आता कोण अडवतंय मला?"

"दिवे विझवून बघ, दम तरी वाचेल," मदरबोर्ड म्हणाली.

नवी मात्र हिरवीलाच बोल लावत राहिली. कित्येक वर्षांनी कॉम्प्युटर मोडीत निघाला, तेव्हा मदरबोर्डच्या कडेला छापलेला, ती कुठल्याही पट्टीला पळू देते तो कमाल वेग नवीनं प्रथमच वाचला. तो हिरवीच्या वेगाइतकाच होता.