सशाच्या लेंडीवरचं झाड

“पण महाराज, यांना हाक कोण मारतं?”

कल्याणपुरीने सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढताच विचारलं.

हेमपुरी महाराज शेजारी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला.

“तेच तर तुला शोधायला सांगितलंय.”

गोष्ट भोरकड्यावरच्या गोसाव्यांच्या मठातली. महाराज आता थकले होते. येत्या पौर्णिमेच्या भंडाऱ्याला ते पुढच्या महंताच्या खांद्यावर चादर घालणार, हे साऱ्या डोंगराला ठाऊक होतं. ज्याच्यावर चादर पडेल, मठ त्याचा. कल्याणपुरी हा तिथला सगळ्यांत हुशार शिष्य. तसं मठात सगळेच म्हणत, आणि सगळ्यांत आधी तो स्वतः म्हणे. कोठीच्या किल्ल्या त्याच्या कमरेला होत्या. चादर दुसऱ्या कोणावर पडेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तरी माणसाचाच जीव तो, राहवेना.

म्हणून एका सकाळी त्याने सरळच विषय काढला होता.

“महाराज, डोक्याशिवाय धड चालत नाही. मठाचं काय ते एकदा सांगून टाका.”

महाराजांनी ओसरीवरची एक बशी त्याच्या पुढ्यात सरकवली. बशीत ओली माती, मातीवर सशाच्या लेंड्या, वर काचेचं झाकण.

कल्याणपुरीने नाक मुरडलं. चादरीचं विचारलं तर लेंड्या मिळाल्या.

“यात जीवाणू आहेत,” महाराज म्हणाले. “मागे त्या कॉलेजातल्या बाई येऊन राहिल्या होत्या ना, त्यांनी मला दाखवले. जाताना हे यंत्रही ठेवून गेल्या. एरवी हे मातीत खात हिंडतात. अन्न संपलं की एका जागी जमतात आणि झाड उभारतात.”

“झाड?”

“खसखशीच्या दाण्याहून लहान. पण झाडच.”

“आणि मी काय करू?”

“यांचा महंत कोण, तेवढं शोध. सापडला की चादरीचं बोलू.”

एवढंच ना, असं कल्याणपुरीला वाटलं. तो मांडी ठोकून बसला.

लेंडीवर सायीसारखा पातळ थर पसरला होता. एकेकटा जीव काही दिसत नव्हता, पण थर सरकत होता. इतका सावकाश, की नजर काढून पुन्हा लावावी तेव्हाच कळे. मग एके जागी तो थोडा उंच झाला. दुसरीकडेही झाला. म्हणजे कोणीतरी ‘इकडे या’ म्हणालं असणारच. कल्याणपुरी त्या उंचवट्याच्या मधोमध टक लावून बघे. बोलावणारा तिथेच कुठेतरी बसलेला असणार.

बघता बघता त्याच्या मनात भलतंच सलायला लागलं. हे जीव उपाशी होते. आणि मठाचा नेम असा, की उंबऱ्याच्या आत कोणी उपाशी राहायचं नाही. आधी मुंग्यांना पीठ, कावळ्याला घास, मग माणसांची पंगत. किल्ल्या आपल्या कमरेला असताना डोळ्यांदेखत कोणी भुकेने तडफडावं? त्याला ते बघवेना. त्याने भाताच्या पेजेचे थेंब लेंड्यांवर सोडले आणि स्वतःवर बेहद्द खूश होऊन आंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवशी बघतो तर उंचवटे बसलेले. सगळे पांगून खाण्याच्या मागे लागले होते. पुढे बशीवर पांढरी बुरशी चढली आणि झाडाचं नावही उरलं नाही.

तो पडेल चेहऱ्याने महाराजांपुढे उभा राहिला.

“मी त्यांना जेवू घातलं.”

“बरं केलंस.”

“पण झाड झालं नाही...”

“पोट भरल्यावर कोण कोणाला शोधत बसतो?”

महाराजांनी दुसरी बशी पुढे केली.

या खेपेला कल्याणपुरीने हात मागे बांधले. पेज नाही, पाणी नाही, काही नाही. नुसतं बघायचं. आणि तुम्हाला सांगतो, नुसतं बघण्याइतकं अवघड काम त्या हुशार माणसाने जन्मात केलं नव्हतं.

थरावर बारीक लाटा उठल्या. एक इकडून आली, एक तिकडून. आता धडकणार, असं वाटलं... तर दोघी एकमेकींतून आरपार निघून गेल्या. कोणी कोणाला अडवलं नाही. मग उंचवटे झाले. त्यांतला एक सावकाश विरला आणि शेजारच्याला जाऊन मिळाला. हरला म्हणावं तर जिंकलेलाही कोणी दिसेना.

मग दांडा वर आला. त्याला फांद्या फुटल्या. फांद्यांच्या टोकांना नारिंगी गोळे धरले, पिकलेल्या उंबरांसारखे.

कल्याणपुरीच्या अंगावर काटा आला. ज्यांना डोळे नाहीत, कान नाहीत, बोलायला तोंड नाही, त्यांनी हे उभारलं होतं. गवंडी नाही, ओळंबा नाही, आणि इतकं सुबक. त्याला रडू आलं. आपण का रडतोय हे त्याला कळेना, आणि त्याने समजून घेण्याची धडपडही केली नाही. कोठी उघडायला कोणी किल्ल्या मागायला आलं. त्याने त्या कमरेच्या काढल्या आणि कोणाच्या हातात देतोय हे न बघताच देऊन टाकल्या.

भंडाऱ्याच्या आदल्या दुपारी महाराज त्याच्याजवळ येऊन टेकले.

“महंत सापडला?”

“नाही.”

“नीट पाहिलंस?”

“पाहिलं, महाराज. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही... आणि झाड उभं आहे.”

“वरच्या गोळ्यांत कोण?”

“बाई काय म्हणाल्या ते तुम्हीच सांगितलंत ना. तिथले झोपलेत. पुन्हा ओल आली, अन्न आलं, की जागे होतील.”

“आणि बाकीचे?”

कल्याणपुरीने बशीकडे बोट केलं.

“बाकीचे बरेचसे दांडा उभारतानाच संपले. त्यांच्या जिवावर हे वर आहेत.”

खाली अंगणात भंडाऱ्याच्या चुली रचणं चाललं होतं.

“महाराज... कोण वर जाणार आणि कोण विरघळणार, हे त्यांना आधी माहीत असतं?”

“मला नाही माहीत.”

कल्याणपुरीने सूक्ष्मदर्शक बाजूला सारला आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

“उद्या चादर कोणालाही घाला,” तो म्हणाला. “मला नको. मला आपलं खाली, दांड्यात राहू द्या.”

महाराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“म्हणजे जागा अजून तूच निवडतोयस.”