नऊ वर्षांच्या पोराची दुरुस्ती

“ही ओळ कोनाले विचारून खोडली बे?”

हबीबचाचांनी वही पुढे धरली. मांडीवर अर्धी भरलेली उशी, दाढीत कापूस.

“कोनाले विचाराचं? कविता माही हाये,” सुगत म्हणाला.

हबीबचाचा बाळापुरात गाद्या भरतात आणि कविता शिकवतात. सुगत इंगळे त्यांचा शागीर्द. वय तेवीस, कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. शनिवारी अकोल्याला मुशायरा होता आणि यादीत पहिल्यांदाच त्याचं नाव आलं होतं. पण आधी उस्तादांनी कविता तपासायची, लागेल तिथे दुरुस्त करायची. त्याला इस्लाह म्हणतात. ती झाल्याशिवाय शागिर्दानं मंचावर चढायचं नाही. रीतच तशी. म्हाताऱ्यांनी ठरवलेली, म्हाताऱ्यांच्या सोयीची.

सुगतला दोन कविता वाचायच्या होत्या. एक नऊ वर्षांचा असताना लिहिलेली, एक परवाची. पोराचा माणूस कसा झाला ते लोकांना दिसावं, असा बेत.

चाचांनी पान उजेडाकडे धरलं आणि जुनी कविता खोडलेल्या ओळीसकट वाचली.

“बाबा दारू पिऊन आले.
आई दारात बसली.
बाबा झोपले. मग मी
त्यांचं बोट धरून झोपलो.”

“शेवटची ओळ वजनात बसत नाही,” सुगत बोटांवर मात्रा मोजत म्हणाला.

“आन् पह्यल्या तीन बसतात?”

सुगतनं मोजणारी बोटं मिटली.

“बरं. परवाची वाच.”

सुगतनं वाचली. उभा राहून, हात उगारून. बापांवर, मास्तरांवर, गावच्या पुढाऱ्यांवर वीस ओळी. शेवटची त्यानं दोनदा म्हटली.

“बापा, तुझं बोट मी कधीच धरलं नाही!”

चाचांनी दाद दिली नाही. चिमटीनं कापूस सुटा करत राहिले.

“बोला ना,” सुगत चिडला. “का तुमचंबी तेच? बाप सुधारला, चार वर्सं दारूले शिवला नाही, आता माफ करून टाक. म्हातारे म्हाताऱ्याचीच बाजू घेतात.”

“माफ कर म्हनलं का मी?”

“मंग इस्लाह करा.”

“माह्याच्यानं होत नाही. त्या दिवशी मी होतो काय तुह्या घरी?”

चाचांनी लाल पेन त्याच्या हातात दिला. दोन्ही पानं शेजारी शेजारी मांडली.

“याच्याकडून करून घे.”

“कोनाकडून?”

चाचांनी खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

सुगत हसला. “चाचा, त्या नऊ वर्षांच्या पोराले काना-मात्रा धड येत नव्हती.”

“तुले येते. मंग खोटं कायले लिवलं?”

सुगतनं दोन्ही पानं पुन्हा वाचली. पेन उघडाच. दारात एक बाई गादी न्यायला आली, चाचांनी तिला हातानंच ‘उद्या’ म्हटलं.

ती गेल्यावर सुगतनं जुन्या पानावरची खोडलेली ओळ पुन्हा लिहिली. मग परवाच्या कवितेतली शेवटची ओळ खोडली. वरच्या ओळींना हात लावला नाही. त्यातला राग खराच होता. खाली काहीतरी लिहिलं, आणि या वेळी न उठता वाचलं.

“बापा, तुझं बोट मी धरलं होतं.
तू झोपेत होतास.”

चाचांचे हात थांबले.

“अजून एक डाव म्हन.”

सुगतनं म्हटलं. त्यानं खाकरून बाहीनं तोंड पुसलं.

“आता झाली ना पुरी?”

“नऊ वर्षांच्यानं पाह्यली. अजून एकाची इस्लाह बाकी हाये.”

“म्हनजे? शनिवारी वाचू का नको?”

चाचांनी सुईत दोरा ओवला आणि उशीचं तोंड शिवायला घेतलं.

“वाच ना. पन पुढच्या रांगेत एक खुर्ची मोकळी ठेवजो. साठ वर्षांचा सुगत येईन ऐकाले.”